चारशे काय?

आमच्या इमारतीत शुभदाकाकूंना मागून सगळे ‘परत-सांगा काकू’ म्हणायचे. समोरून चेष्टा करायची हिंमत फक्त गॅसवाल्याला होती. सिलिंडर दारात टेकवून तो स्वतःच म्हणायचा, "भरलेला एक दिला, रिकामा एक घेतला, सील तुम्ही बघितलं. झालं परत सांगून, काकू. आता सही करा." काकू न हसता सही करायच्या. त्याचं चुकलं असं त्यांना कधीच वाटलं नाही. उलट वसईच्या सगळ्या एव्हरशाईन सिटीत आपलं काम नीट समजलेला तो एकच माणूस आहे, असं त्या मला म्हणाल्या होत्या.

त्यांना काही सांगितलं की त्या ते शब्दाला शब्द म्हणून दाखवत, आणि त्यांनी काही सांगितलं की समोरच्यानंही म्हणून दाखवायचं, हा त्यांचा नियम. ‘हो’ हे त्यांच्या लेखी उत्तर नव्हतं. "हो म्हणजे ऐकू आलं. काय ऐकू आलं ते सांग," असं त्या म्हणत. रिक्षात बसण्याआधी त्या रिक्षावाल्याकडूनही पत्ता वदवून घ्यायच्या. एक जण वैतागून म्हणाला होता, "मॅडम, बैठो ना, शादी नहीं कर रहे." काकू उभ्याच राहिल्या. शेवटी त्यानं पत्ता म्हटला, आणि निम्माच बरोबर म्हटला. तेव्हा काकूंनी माझ्याकडे पाहून नुसत्या भुवया वर केल्या.

हे खूळ कुठून आलं ते लोकांना माहीत नव्हतं. काकू विमानतळावर होत्या एवढंच माहीत होतं, म्हणून कुणी त्यांना हवाई सुंदरी समजत, कुणी तिकीट खिडकीवरच्या बाई. खरं तर त्या एअर ट्रॅफिक कंट्रोलर होत्या. मुंबईत उतरणाऱ्या विमानांना किती उंचीवर यायचं, कुठे वळायचं, कुणाच्या मागे राहायचं हे त्या रडारच्या पडद्यासमोर बसून सांगायच्या. दिलेली सूचना पायलटनं जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, हा त्या कामाचा कणा. त्याला त्या रीडबॅक म्हणत. मूळच्या देवगडच्या, लग्न केलेलं नाही, निवृत्तीआधी वसईत फ्लॅट घेतला आणि इथेच राहिल्या. विमानात फारशा कधी बसल्याच नाहीत. सेक्रेटरी सावंतांनी एकदा विमानातलं जेवण कसं असतं विचारलं, तर म्हणाल्या, "मला काय ठाऊक, मी फक्त जेवून झालेल्यांना उतरवायचे."

मी जवळच्याच आगाशीची. वडील वाडीतली फुलं आणि केळी बाजारात नेत. घरात कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली. लग्न होऊन काकूंच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा हातात पदवी होती, पण इंग्रजीत फोन आला की तोंडाला कोरड पडायची. एका रुग्णालयात टेलिफोनच्या टेबलावर जागा होती आणि मुलाखतीची मला धडकी भरली होती. काकूंना कळलं. त्या आतल्या खोलीत जाऊन मला मोबाइलवर फोन करायच्या, मुद्दाम घाईघाईत रुग्णाचं नाव, रक्तगट, पत्ता सांगायच्या. मी "ओके मॅम" म्हटलं की फोन ठेवून द्यायच्या. पुन्हा करायच्या. "ओके मॅममुळे भलतंच रक्त चढलं, मेला तो माणूस," असं आतून ओरडायच्या. नोकरी लागली. आज माझ्या घरात जे काही उभं आहे त्यातलं बरंचसं त्या फोनांवर उभं आहे.

तेव्हाच कधीतरी मी त्यांना आमच्या शाळेतल्या राऊत सरांची गोष्ट सांगितली होती. गणिताचं उत्तर नुसतं ‘पाच’ लिहिलं की सर वही वर धरून विचारायचे, "पाच काय? नारळ?" आणि अर्धा गुण कापायचे. काकूंना ते फार आवडलं. पण म्हणाल्या, "आमच्याकडे शब्द जितका कमी तितका बरा. उंची म्हटली की फूटच. वेगळं बोलायची गरज पडत नसे."

मुंबईची मोठी धावपट्टी बंद असली किंवा वारा फिरला, की उतरणारी काही विमानं आमच्या बाजूनं येतात. आम्हाला तो नुसता आवाज. काकू मात्र हातातलं काम ठेवून बाल्कनीत येत. विमान मिठागरांवरून दक्षिणेला दिसेनासं होईपर्यंत त्या बघत आणि मग पुटपुटत, "उतर." कौतुकानं नाही, हुकमानंही नाही. शाळेत पोचलेल्या मुलाला फाटकापासून हात करावा तसं.

गणपतीत इमारतीतल्या पोरांनी गच्चीवर लेझर दिवे लावले, हिरव्या रेघा ढगांपर्यंत जात होत्या. काकू जिना चढून वर गेल्या. सावंत म्हणाले, "काकू, विमान काय आपल्या गच्चीवर उतरणार आहे?" काकू म्हणाल्या, "नाही. पण उतरवणाऱ्याचे डोळे इथून जाऊ शकतात." यंत्र भिंतीकडे वळवलं गेलं. तरी काकू अख्खी आरती त्या यंत्रावर हात ठेवून उभ्या राहिल्या. प्रसादही डाव्या हातानं घेतला, आणि त्यावरूनही दोन बायका बोलल्याच.

ड्रोनचा विषय त्यांनी माझ्याकडे एकदाच सविस्तर काढला. आम्ही वालपापडी निवडत बसलो होतो. नोकरीच्या शेवटच्या काळात उतरणाऱ्या एका पायलटनं त्यांना कळवलं, की आपल्या बाजूनं काहीतरी गेलं, पक्षी नव्हता. "माझ्या पडद्यावर प्रत्येकाला नाव असतं, उंची असते, वेग असतो," काकू म्हणाल्या. "त्या वस्तूला काहीच नव्हतं. तो म्हणतोय आहे, आणि माझ्यासमोर जागा रिकामी. मागून दुसरं विमान येतंय. त्या रिकाम्या जागेतून त्याला पाठवायचं की नाही, हे मी ठरवायचं." त्यांनी सगळ्यांना बाजूला वळवलं. काही विमानं इंधन कमी म्हणून दुसऱ्या शहरात गेली. उशीर झाला म्हणून प्रवासी चिडले, आणि ती वस्तू कधीच सापडली नाही.

पक्षी पण आदळतातच की, असं मी म्हटलं. काकूंनी पापडीची एक शेंग दोन बोटांनी मोडली. मग खलबत्त्यातला बत्ता माझ्यापुढे सरकवला. "आता हा मोड," म्हणाल्या. "ड्रोनच्या पोटात बॅटरी असते, मोटर असते. इंजिनातल्या पात्याला ते शेंगेसारखं लागत नाही."

आगाशीचा माझा मामेभाऊ हर्षद लग्नांचे फोटो काढतो. कर्ज न काढता, हळूहळू साठवून त्यानं ड्रोन घेतला, परदेशातून कुणाकडून तरी आणवलेला. त्याच्या बहिणीच्या हळदीला मी काकूंना घेऊन गेले. मामाच्या वाडीत केळींच्या वर तो ड्रोन घुंईं करत चढला तशा कोंबड्या पळाल्या, म्हाताऱ्यांनी पदर डोक्यावर ओढले, आणि आमची मामी खालून हात हलवायला लागली, जणू वर कुणी ओळखीचं बसलंय. काकू एकट्याच वर न बघता हर्षदच्या बोटांकडे बघत होत्या.

तो खाली उतरवल्यावर त्यांनी त्याला गाठलं. किती वर नेतोस, विचारलं. हर्षद लाजला. म्हणाला, पडला तर काय घ्या, म्हणून मी शंभरच्या वर नेतच नाही. नियम काय आहे ते त्याला नीट ठाऊक नव्हतं. काकूंनी त्याला सरळ उभं केलं.

"चारशे. चारशेच्या वर कधीही नाही. परत सांग."

"चारशेच्या वर कधीही नाही," हर्षद म्हणाला.

काकूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. परत येताना रिक्षात मला म्हणाल्या, "तुझ्या भावाची रीडबॅक स्वच्छ आहे." त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही. हर्षदनंही शब्द पाळला. मोबाइलच्या ज्या अ‍ॅपवरून तो ड्रोन चालवायचा, त्यात त्यानं चारशेची मर्यादा घालून टाकली. गिऱ्हाइकांना तो अभिमानानं सांगायचा की ही विमानतळाच्या टॉवरच्या मॅडमनी दिलेली हाइट आहे. वसई-विरारच्या फोटोग्राफरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही त्यानं ती टाकली.

पुढच्या हिवाळ्यातली एक सकाळ. वारा फिरला होता आणि विमानं आमच्या बाजूनं येत होती. मी काकूंच्या बाल्कनीत चहा घेत होते. एक विमान नेहमीसारखं खाली खाली येत असताना मधेच त्याचा आवाज वाढला, नाक वर झालं आणि ते समुद्राकडे वळून निघून गेलं. मला त्यात काही विशेष वाटलं नसतं. पण काकूंनी कप खाली ठेवला तो बशीबाहेर ठेवला.

"यानं उतरणं सोडलं," त्या म्हणाल्या. "का सोडलं?"

दुपारी बातम्यांत आलं. वसईवरून उतरणाऱ्या प्रवासी विमानाच्या अगदी जवळून ड्रोन गेला, पायलटनं विमान वळवलं, फेरी मारून ते सुखरूप उतरलं. पोलीस ड्रोनवाल्याचा शोध घेत होते. काकू दिवसभर जेवल्या नाहीत.

संध्याकाळी मी घरी आले तर फोनवर हर्षदचा व्हिडिओ आला होता. बातम्या बघायला त्याला वेळच झाला नव्हता. सकाळी पूर्वेकडच्या डोंगरावरच्या देवळात एका जोडप्याचं लग्नाआधीचं शूटिंग होतं. त्यानं खाली लिहिलं होतं, ‘ताई बघ, विमान किती भारी आलंय.’ मी तशीच काकूंकडे गेले.

व्हिडिओत आधी देवळाचा झेंडा, मग ते जोडपं दोन ठिपक्यांएवढं. मग मिठागरांचे चौकोन, खाडी, आमच्या एव्हरशाईनच्या इमारती काडेपेट्यांसारख्या. आणि उजवीकडून विमान. इतकं मोठं की खिडक्यांची ओळ दिसत होती. ते एका अंगावर कललं आणि चौकटीतून गेलं. त्या खिडक्यांमागे माणसं बसली होती, हे मला दुसऱ्यांदा बघताना सुचलं. काकूंनी मला पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा एकदा सांगितलं. मग त्या म्हणाल्या, त्याला फोन लाव, आवाज मोठा ठेव.

"किती उंचीवर होतास?"

"चारशे, काकू. तुम्ही दिलेली. त्याच्या वर अ‍ॅपच जाऊ देत नाही, मी लावूनच ठेवलीय."

"चारशे काय?"

"म्हणजे?"

"चारशे काय, हर्षद?"

"मीटर," हर्षद म्हणाला. "अ‍ॅपमध्ये मीटरच असतात ना काकू."

मला राऊत सर आठवले, वही वर धरलेले. नियम चारशे फुटांचा होता. चारशे मीटर म्हणजे त्याच्या तिपटीहून जास्त. त्यात ड्रोन आपली उंची जिथून उडतो तिथून मोजतो, म्हणजे डोंगराची उंची आणखी वेगळी. हर्षदचं काही चुकलं नव्हतं. त्यानं ऐकलेला शब्द अक्षरशः परत सांगितला होता आणि तसाच पाळला होता. काकूंनी सांगण्याआधी तो भीतीनं शंभरावर थांबत होता. वर जायची परवानगी त्याला काकूंनी दिली होती.

काकू खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "परत सांगितलं की बरोबर असतं, असं मी आयुष्यभर धरून चालले."

दुसऱ्या दिवशी आम्ही आगाशीला गेलो. मामीला तोवर सगळं कळलं होतं. ती आमच्या घरच्या बोलीत भराभर बोलत होती आणि काकूंना समजावं म्हणून मी मधे मधे सांगत होते. तिचं म्हणणं सरळ होतं. व्हिडिओ पुसून टाकायचा, ड्रोन माळ्यावर टाकायचा, कुणाला कळणार नाही. काकू म्हणाल्या, पोलिसांकडे जाऊ या, मी बरोबर येते, शब्द माझा होता. तेव्हा मामी शुद्ध मराठीत बोलली.

"तुम्ही शिकलेल्या. तुमचं पेन्शन चालू राहील. माझा मुलगा आत गेला तर तुम्ही त्याच्या जागी बसाल का?"

मला मामीचा राग आला नाही, आजही येत नाही. हर्षद ओटीवर बसून चपलेच्या टोकानं माती उकरत होता. शेवटी काकू त्याच्याशी बोलल्या, मामीशी नाही. म्हणाल्या, तू आता उडवणार नाहीस हे मला माहीत आहे. पण तुझ्या ग्रुपवर किती जण माझं चारशे लावून बसलेत?

हर्षदनं वर पाहिलं. हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही आलं नव्हतं.

काकूंनी तिथेच त्याच्या फोनवर आवाजी निरोप भरला. त्यांचा तो कामाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, सपाट आणि सावकाश. "चारशे फूट. मीटर नाही. मीटर असतील तर एकशे वीस. डोंगरावरून उडवू नका. विमान दिसलं की ड्रोन खाली. चूक मी केली होती. प्रत्येकानं परत सांगा." फोन वाजायला लागला. कुणी ‘चारशे फूट’ लिहिलं, कुणी ‘एकशे वीस मीटर’. आणि खूप जणांनी नुसता अंगठा पाठवला. काकूंनी विचारलं, हे काय. हर्षद म्हणाला, म्हणजे हो म्हणतायत.

मग त्या अंगठा पाठवणाऱ्या एकेकाला फोन लावत बसल्या. कुणी हसलं, कुणी कोण तुम्ही विचारलं, एकानं तर घाबरून आपण ड्रोन विकला म्हणून सांगितलं. काकू प्रत्येकाकडून आकडा आणि त्याच्यामागचं ‘फूट’ वदवून घेत होत्या. मामी बघत होती. काही वेळानं तिनं चहा आणून काकूंच्या शेजारी ठेवला. शेवटचा फोन झाला तसा हर्षद उठला. "चला काकू," म्हणाला. आईकडे बघितलं नाही त्यानं.

पोलीस ठाण्यात साहेबांनी हर्षदचं सगळं ऐकून घेतलं आणि मग काकूंना विचारलं, तुम्ही याच्या कोण. "यानं जिचं ऐकलं, ती," काकू म्हणाल्या. साहेबांना हे कुठे बसवावं कळेना. काकू सांगत राहिल्या की उंची मी दिली, एकक मी गाळलं, हे लिहून घ्या. साहेब चांगले होते. त्यांनी काकूंना पाणी दिलं आणि म्हणाले, "मॅडम, सांगितल्याचा गुन्हा कशात बसत नाही. मी तुम्हाला साक्षीदार म्हणून घेतो."

हर्षदचा ड्रोन जप्त झाला, त्याच्यावर खटला झाला, जामीन मिळाला. सीझनची लग्नं हातची गेली. काकूंवर काहीच झालं नाही. लोकांना वाटलं, सुटल्या. मी रोज त्यांच्यासमोर राहत होते, म्हणून मला ठाऊक आहे की तेच त्यांना सोसवलं नाही. मी एकदा धीर द्यायला म्हटलं की विमान तर सुखरूप उतरलं. त्या म्हणाल्या, "ते पायलटनं उतरवलं. मी नाही."

वारा फिरला तरी त्या बाल्कनीत येईनाशा झाल्या. गॅसवाला आला आणि सवयीनं म्हणाला, "भरलेला एक दिला." तर काकूंनी विचारलं, "एक काय?" तो माझ्याकडे बघायला लागला. पुढच्या वेळी त्यानं ‘एक सिलिंडर’ म्हटलं, पण चेष्टा केली नाही. जिन्यात मला हळूच म्हणाला, काकूंना कुणा डॉक्टरला दाखवा.

खटल्याच्या प्रत्येक तारखेला त्या वसई कोर्टात जायच्या. बोलावणं असो नसो, जायच्या. मामी पहिल्या तारखांना त्यांच्यापासून दूर बसायची. नंतर डब्यात त्यांच्यासाठीही दोन घावण जास्त आणायला लागली. निकाल अजून लागलेला नाही. काकू मात्र गेल्या पावसाळ्यात देवगडला बहिणीकडे गेल्या असताना झोपेतच गेल्या. त्यांची साक्ष व्हायची राहिली.

त्या जाण्याआधीच्या तारखेला मी रजा काढून बरोबर गेले होते. साक्ष त्या दिवशी होईल असं वाटत होतं. कारकुनानं मान वर न करता त्यांना नाव विचारलं, पत्ता विचारला. काकूंनी सांगितला. मग वय विचारलं.

"एकाहत्तर वर्षं."

कारकून हसला. "वर्षंच असणार ना आजी."

"असणार," काकू म्हणाल्या. "पण बोलावं."

वकील आले नव्हते, म्हणून पुढची तारीख पडली. आम्ही बाहेर आलो. मामी पुढे रिक्षा बघायला गेली. हर्षद काकूंना काहीतरी सांगत होता, एका दुकानात नोकरी मिळतेय, पासपोर्ट फोटो काढायची, असं काहीतरी. रस्ता ओलांडायला दोघं कडेला थांबले होते. तेवढ्यात वरून आवाज आला. उतरणारं विमान होतं, आमच्याच बाजूनं.

हर्षद वाक्य अर्धं सोडून गप्प झाला. काकूंनी वर पाहिलं नाही. समोरचा रस्ता मोकळा झाला होता, मागून एक दुचाकीवाला हॉर्न वाजवत होता, मामी पलीकडून हात करून बोलावत होती. ती दोघं हलली नाहीत. आवाज खाडीकडे जाऊन पार विरला. मग काकूंचे ओठ एकदा हलले, पूर्वी बाल्कनीत हलायचे तसे. त्यांनी हर्षदचा हात धरला, आणि दोघं रस्ता ओलांडून पलीकडे गेली.